मोजायचे कोणाला आणि कुठपर्यंत : सिल्हेटवरील एका वादसभेचे प्रकरण

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, जळगाव जिल्ह्यात, सार्वजनिक वाचनालयाशी जोडलेले एक अभ्यासमंडळ आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, वकिली करणारे काही जण, बाजारपेठेतले व्यापारी आणि कापसाच्या वेचणीतून सवड काढून येणारे शेतकरी असे त्याचे सभासद आहेत. ज्या भूमीवर एकाहून अधिक धर्मसमूह हक्क सांगतात त्या भूमीच्या स्वातंत्र्याचा आणि फाळणीचा वाद कोणत्या कसोटीवर करावा, हा विषय मंडळाने वादसभेसाठी घेतला होता. सभेच्या संचालनात प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता. पहिली बैठक फिसकटली आणि दुसरी चांगली झाली. दोन्हींमध्ये फरक कशामुळे पडला हे या टिपणात पाहायचे आहे.

पहिली बैठक

समितीने लिहिलेला ठराव असा होता : “धर्मसमूहांच्या दाव्यात सापडलेली भूमी स्वतंत्र होताना तिची फाळणी अटळ असते.” कोणी आपल्या समाजाचा वकील होऊन उभा राहू नये म्हणून बाजू चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या. ती खबरदारी पुरी पडली नाही. अर्ध्या तासात चर्चा ठरावावरून घसरली आणि १९४७ च्या फाळणीला जबाबदार कोण, या ठरलेल्या वाटेला लागली. त्या वाटेवर प्रत्येकाचा आरोपी आधीच ठरलेला असतो, म्हणून समोरच्याचे ऐकण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट निराळीच घडली. ज्यांच्या हाताखाली सभेतले निम्मे लोक शाळेत इतिहास शिकले, त्या एका निवृत्त मुसलमान शिक्षकांच्या वाट्याला चिठ्ठीने ठरावाची अनुकूल बाजू आली. त्यांनी ती नेटकेपणाने मांडली, तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली, कारण ते त्यांचे स्वतःचे मत समजले गेले. त्यांच्यानंतर तीच बाजू, जवळपास त्याच मुद्द्यांनी, एका मराठा विद्यार्थ्याने मांडली आणि त्याला टाळ्या मिळाल्या. म्हणजे चिठ्ठी बाजू बदलू शकत होती, पण वक्त्याकडे पाहण्याची श्रोत्यांची नजर बदलू शकत नव्हती. पुढच्या बैठकीची आखणी याच अनुभवावर करावी लागली.

सिल्हेट का

सर्वसाधारण ठराव बाजूला ठेवून एकच भूभाग घ्यायचे ठरले. पंजाब नको, कारण त्याच्या हिंसेच्या आठवणी इतक्या गडद आहेत की आकड्यांपर्यंत कोणी पोहोचत नाही. काश्मीर नको, कारण त्यावर प्रत्येकाकडे तयार भाषण आहे. चोपड्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने सिल्हेट सुचवले; हा भाग आज बहुतांशी बांगलादेशात आहे. खानदेशात त्याच्याविषयी कोणाला वारशाने मिळालेले मत नव्हते, ही त्याची पहिली सोय. दुसरी सोय अशी की ब्रिटिश हिंदुस्थानच्या फाळणीत थेट मतदारांचे सार्वमत फक्त दोन ठिकाणी घेतले गेले, वायव्य सरहद्द प्रांतात आणि सिल्हेटमध्ये, आणि सिल्हेटचे निकाल उपविभागवार उपलब्ध आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बंगाली भाषकांचा हा जिल्हा १८७४ मध्ये बंगालमधून काढून आसामला जोडण्यात आला. १९४१ च्या जनगणनेत तिथे सुमारे ३१ लाख वस्ती होती आणि तिच्यात मुसलमान सुमारे साठ टक्के होते. आसाम प्रांत एकंदरीत मुस्लिम बहुसंख्येचा नव्हता, म्हणून फाळणीच्या ३ जून १९४७ च्या योजनेत सिल्हेटपुरते सार्वमत ठेवले गेले. मतदारांपुढे दोनच पर्याय होते : आसामात, म्हणजे भारतात राहायचे, की पूर्व बंगालमध्ये, म्हणजे पाकिस्तानात जायचे. निरक्षर मतदारांसाठी पहिल्या पर्यायाला झोपडीचे आणि दुसऱ्याला कुऱ्हाडीचे चिन्ह होते. ६ आणि ७ जुलैला मतदान झाले. ५,४६,८१५ मतदारांपैकी सुमारे सत्त्याहत्तर टक्क्यांची मते ग्राह्य ठरली. २,३९,६१९ मते पूर्व बंगालच्या बाजूने आणि १,८४,०४१ मते आसामच्या बाजूने पडली.

दुसऱ्या बैठकीसाठी अनुकूल-प्रतिकूल अशा बाजू न ठेवता भूमिका वाटल्या गेल्या : आसाम काँग्रेसचे नेतृत्व, मुस्लिम लीग, जमियत उलेमा-ए-हिंद (फाळणीला विरोध करणारी मुस्लिम धर्मपंडितांची संघटना), अनुसूचित जातींचे नेतृत्व, चहामळ्यांतले मजूर आणि सीमा आयोग. एकच नियम होता. प्रत्येक वक्त्याने पहिल्या वाक्यात मोजणीचा घटक सांगायचा, म्हणजे कोणत्या क्षेत्रातल्या कोणत्या माणसांची मते धरायची ते स्पष्ट करायचे, आणि तो घटक लहान किंवा मोठा केला तर आपला दावा टिकतो का याचे उत्तर शेवटी द्यायचे.

दुसरी बैठक

मुस्लिम लीगची बाजू मांडणाऱ्याचे काम सोपे होते. घटक जिल्हा, जिल्ह्यात बहुमत आमचे, निकाल ५५,५७८ मतांनी आमच्या बाजूने. आसाम काँग्रेसची बाजू मांडणारा वकील मात्र अडचणीत सापडला आणि ती अडचण ऐतिहासिकदृष्ट्या अगदी खरी होती. गोपीनाथ बारदोलोई यांच्या नेतृत्वाखालच्या आसाम काँग्रेसमध्ये सिल्हेट गेले तर बरेच, असा मतप्रवाह प्रबळ होता, कारण बंगाली भाषकांचा हा मोठा जिल्हा वजा झाला की उरलेला प्रांत असमिया भाषकांच्या वर्चस्वाचा होत होता. धर्माच्या नावाने चाललेल्या मोजणीखाली भाषेची दुसरी मोजणी चालू होती. आपला भूभाग जाऊ नये म्हणून प्रत्येक पक्ष झटतो, हे सभेने गृहीत धरले होते. त्या गृहीताला इथे पहिला धक्का बसला.

जमियतची भूमिका त्याच निवृत्त शिक्षकांकडे सोपवली होती. पहिल्या बैठकीनंतर ते येतील की नाही अशी शंका होती, पण ते आले, आणि माझ्या मते संपूर्ण सभेतले सर्वांत कसदार भाषण त्यांचेच झाले. देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांचा सिल्हेटमध्ये मोठा शिष्यवर्ग होता आणि त्यांच्या विचाराच्या लोकांनी सिल्हेट भारतात राहावे म्हणून प्रचार केला होता. राष्ट्र भूमीवरून ठरते, धर्मावरून ठरत नाही, या मदनींच्या भूमिकेचा आधार घेऊन सरांनी सांगितले की आम्ही या मोजणीलाच नकार देतो. संचालकांनी नियमावर बोट ठेवले : नकार हे घटकाचे उत्तर होत नाही. थोडे थांबून सर म्हणाले, “ठीक आहे, मग माझा घटक अखंड हिंदुस्थान.” हे उत्तर येताच सभेतल्या अनेकांच्या ध्यानात आले की अखंडतेचा आग्रहसुद्धा एका विशिष्ट क्षेत्राच्या बहुमतावर उभा असतो, फक्त ते क्षेत्र इतके मोठे असते की ते आपण निवडले आहे असे वाटत नाही.

अनुसूचित जातींच्या वतीने बोलणाऱ्या तरुणाने जोगेंद्रनाथ मंडल यांची भूमिका घेतली. मंडल यांनी सिल्हेटमध्ये पाकिस्तानच्या बाजूने प्रचार केला होता. सवर्ण हिंदूंच्या सत्तेखाली राहण्यापेक्षा मुसलमान शेतकऱ्यांबरोबरची आघाडी दलितांच्या हिताची आहे, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे एकीकडे मौलाना भारतासाठी आणि दुसरीकडे दलित नेता पाकिस्तानसाठी मते मागत होता. ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ या चौकटीत सिल्हेट बसवायचे म्हटले तर ही दोन्ही माणसे कापून टाकावी लागतात, असे त्या तरुणाने म्हटले आणि ते खोडून काढणे कोणाला जमले नाही.

चहामळ्यांच्या मजुरांच्या वतीने उभ्या राहिलेल्या विद्यार्थिनीकडे मांडायला मतसंख्याच नव्हती. सिल्हेटच्या मळ्यांत बाहेरून आणलेले मजूर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पण त्यांची नोंद सर्वसाधारण मतदारसंघांत नव्हती, मजुरांच्या विशेष मतदारसंघात होती, आणि फिरती वस्ती समजून त्यांना सार्वमतातून वगळले गेले. ते बहुतांशी हिंदू आणि आदिवासी असल्यामुळे या निर्णयाचा राजकीय अर्थ उघड होता. शिवाय बाकीच्यांनाही सरसकट मत नव्हते; १९३५ च्या कायद्याने मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटी घातलेल्या होत्या, म्हणून ३१ लाखांच्या जिल्ह्यात मतदार साडेपाच लाखांच्या आतच राहिले. इथे एका शेतकरी सभासदाने अहिराणीत मध्येच विचारले, “पन इचारं कोनले?” सभेत हशा पिकला, तरी प्रश्न अचूक जागी बसला होता. आमच्याच जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यातल्या फैजपूरला, डिसेंबर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनात प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटनासमितीची मागणी केली गेली होती. प्रत्यक्षात १९४६ ची घटनासमिती प्रांतिक विधिमंडळांनी, धर्मवार वाटलेल्या जागांवर निवडली, आणि सिल्हेटचा कौलही मर्यादित यादीवरच घेतला गेला. लोकांनी ठरवावे असे म्हणणे आणि लोक म्हणजे कोण हे ठरवणे या दोन पायऱ्यांपैकी दुसरीवर तेव्हा कोणी फारसा वाद घातला नाही.

यानंतर सीमा आयोगाची भूमिका करणाऱ्या प्राध्यापकांनी फळ्यावर उपविभागवार आकडे लिहिले. उत्तर सिल्हेटमध्ये पूर्व बंगालला ६८,३८१ आणि आसामला ३८,८७१; हबीगंजमध्ये ५४,५४३ आणि ३६,९५२; सुनामगंजमध्ये ४३,७१५ आणि ३४,२११. इथपर्यंत अनपेक्षित काही नव्हते. करीमगंजमध्ये मात्र ४१,२६२ विरुद्ध ४०,५३६, म्हणजे पूर्व बंगालच्या बाजूने केवळ ७२६ मतांचे आधिक्य होते. आणि दक्षिण सिल्हेटमध्ये ३१,७१८ विरुद्ध ३३,४७१, म्हणजे १,७५३ मतांनी कौल भारताकडे होता. मळ्यांची वस्ती दाट असलेला हाच भाग, आणि तिथले मजूर यादीत नसतानाही हा कौल आला होता.

मग प्राध्यापकांनी विचारले की सीमा आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ यांच्या निवाड्यात यांपैकी काय कुठे गेले असेल. सभेने अर्थातच दक्षिण सिल्हेट भारताकडे आणि करीमगंज पाकिस्तानकडे दिले. घडले ते नेमके उलट. भारताच्या बाजूने कौल देणारे दक्षिण सिल्हेट, म्हणजे आजचा मौलवीबाजार, संपूर्ण पाकिस्तानात गेले आणि पाकिस्तानच्या बाजूने निसटता कौल देणाऱ्या करीमगंज उपविभागातली पाथारकांदी, राताबारी आणि बदरपूर ही ठाणी (म्हणजे पोलीस ठाण्यांच्या हद्दीतले प्रदेश) व करीमगंज ठाण्याचा काही भाग भारतात राहिला. व्यवहार्य सीमा हवी तर काही बिगरमुस्लिम ठाणी पूर्व बंगालला आणि काही मुस्लिम प्रदेश आसामला अशी देवाणघेवाण करावी लागेल, अशी भूमिका रॅडक्लिफ यांनी निवाड्यात घेतली होती. सार्वमतासाठी घटक जिल्हा होता, सीमा आखताना घटक ठाणे झाला, आणि ठाण्यांची निवड करताना धर्माबरोबर सलगता धरली गेली. उपविभागाने दिलेला कौल या दोन मोजमापांच्या फटीत हरवला. जिल्हा धरला तर लीग जिंकते, उपविभाग धरला तर चार भाग पाकिस्तानात आणि एक भारतात, आणि ठाणे धरले तर पुन्हा नकाशा बदलतो. मते तीच आणि मतदारही तेच.

माझ्या मते सभेचा कस इथे लागला. आकडे फळ्यावर येईपर्यंत वक्ते आपापली भूमिका मांडत होते; आकडे आल्यावर ते एकमेकांना प्रश्न विचारू लागले. जिल्ह्याचे बहुमत पवित्र मानणाऱ्या लीगच्या वक्त्याला विचारले गेले की मग आसाम प्रांताचे बहुमत पवित्र का नव्हते. भारतवादी बाजूला विचारले गेले की दक्षिण सिल्हेटसाठी उपविभाग धरायचा तर करीमगंजसाठी का धरायचा नाही. दोघांनाही थेट उत्तर देता आले नाही.

खानदेशातला दाखला

चर्चा या टप्प्यावर असताना एका ज्येष्ठ वकिलांनी हरि विनायक पाटसकर यांची आठवण काढली. १९५२ च्या लोकसभेत जळगावचे प्रतिनिधी असलेल्या पाटसकरांनी पुढे आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात मध्यस्थी केली आणि गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत या तत्त्वांवर तोडगा काढला. त्यावर आधारलेला सीमाबदलाचा कायदा १९५९ मध्ये झाला. हेच पाटसकर सूत्र महाराष्ट्राने बेळगावसाठी लावून धरले आणि महाजन आयोगाने ते स्वीकारले नाही. वकीलसाहेब सूत्राच्या कौतुकासाठी उभे राहिले होते. त्यावर नवापूरकडच्या एका सभासदाने नम्रपणे आठवण दिली की, “साहेब, १९६० मध्ये आमच्या पश्चिम खानदेशातली नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा इकडची गावंसुद्धा गावागणिकच उचलून गुजरातेत दिली. तेव्हा आपण तालुका तोडू नका म्हणत होतो.” बेळगावला गाव हवे आणि नवापूरला तालुका हवा, हे ऐकून सभेतल्या मराठीजनांना सिल्हेटमधल्या पक्षांची कोलांटउडी जरा कमी परकी वाटू लागली असावी.

हा दाखला किती ताणायचा याला मर्यादा आहे आणि ती सभेत स्पष्टपणे मांडली गेली. माणूस दोन भाषा बोलू शकतो. महाराष्ट्र-गुजरात सीमेवरची डांगी बोली मराठीच्या जवळची की गुजरातीच्या, यावर जाणकारांचाही वाद झाला. धर्माच्या मोजणीत अशी सरमिसळ मान्य होत नाही. स्वतंत्र मतदारसंघांमुळे १९४७ पूर्वीच प्रत्येक मतदाराची यादी धर्मानुसार निराळी झाली होती. शिवाय नवापूरच्या शेजारचे गाव गुजरातेत गेले तरी तिथे जायला परवाना लागत नाही आणि कोणी घर सोडून पळाले नाही.

याच मुद्द्यावर एका सिंधी व्यापाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून निघून खानदेशात आले. पंजाब आणि बंगाल तोडले गेले, सिंध तोडला गेला नाही, कारण हिंदू तिथे सुमारे चौथा हिस्सा असूनही मुख्यतः शहरांत विखुरलेले होते. हैदराबाद, सक्कर, शिकारपूर यांच्याभोवती सलग प्रदेशाची रेषा ओढणे शक्य नव्हते. “तुम्ही घटक लहान घ्या नाही तर मोठा घ्या, आम्ही कुठल्याच घटकात बसत नव्हतो,” असे ते म्हणाले. या हरकतीला सभेत उत्तर मिळाले नाही आणि मलाही ते ठाऊक नाही. फाळणीचा कोणताही युक्तिवाद वस्ती एका जागी दाट आहे असे धरून चालतो. विखुरलेल्या अल्पसंख्याकांना त्यात फक्त स्थलांतराची किंवा दुसऱ्याच्या भरवशाची जागा मिळते.

तिसरा पर्याय

मूळ ठरावात स्वातंत्र्याचा उल्लेख होता, म्हणून सिल्हेटच्या मतपत्रिकेवर दोनच चिन्हे का होती, असा प्रश्न निघाला. बंगालचे नेते शरदचंद्र बोस आणि हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांनी १९४७ च्या उन्हाळ्यात अखंड, स्वतंत्र बंगालची कल्पना मांडली होती. ती काँग्रेस श्रेष्ठींनी मानली नाही आणि हिंदू महासभेने तर फाळणीचीच मागणी केली. २० जूनला बंगाल विधिमंडळाचे दोन भाग निरनिराळे बसले. पूर्वेकडच्या सदस्यांनी फाळणीविरुद्ध १०६ विरुद्ध ३५ असा, तर पश्चिमेकडच्यांनी फाळणीच्या बाजूने ५८ विरुद्ध २१ असा कौल दिला. कोणत्याही एका भागाने होकार दिला तरी फाळणी व्हायची असा नियम असल्याने लहान भागाचे बहुमत निर्णायक ठरले. बंगालने स्वतंत्र व्हावे का, हा प्रश्न सभागृहापुढे मतासाठी आलाच नाही. मतपत्रिकेवर काय असू नये हे ठरवणाऱ्याचा अधिकार मतदाराहून मोठा असतो, असे इथे एका विद्यार्थ्याने म्हटले. विधान थोडे चटकदार आहे, पण या प्रकरणात ते खरे आहे.

निवृत्त शिक्षकांचा आक्षेप

बैठक संपण्यापूर्वी सरांनी कार्यपद्धतीवरच आक्षेप नोंदवला. घटकाच्या नियमाने भांडण थांबले हे त्यांनी मान्य केले. मात्र त्याची किंमत म्हणून माणसे आकड्यांत विरघळली. फळ्यावर ७२६ हा आकडा रंजक दिसतो, पण त्यामागे करीमगंजच्या सीमेवर ज्यांची शेती एकीकडे आणि घर दुसरीकडे झाले त्यांचे काय, हे कोणी विचारले नाही. पहिल्या बैठकीत राग होता, तरी तो निदान माणसांविषयी होता.

समितीतल्या काहींना हा आक्षेप अन्यायाचा वाटला, कारण पहिल्या बैठकीत त्यांच्याच वाट्याला अपमान आला होता. मला तो अर्धा पटतो. आकड्यांशिवाय झालेली चर्चा कशी होते ते आम्ही पाहिले आहे, म्हणून तिच्याकडे परतण्यात अर्थ नाही. पण कौलाचा तक्ता मतदानाच्या दिवशी संपतो आणि फाळणीचे परिणाम त्यानंतर सुरू होतात, हे सरांचे म्हणणे खरे आहे. मंडल यांचेच उदाहरण घ्यावे. सिल्हेटमध्ये पाकिस्तानसाठी मते मागणारे मंडल त्या देशाचे पहिले कायदामंत्री झाले. १९५० च्या सुरुवातीला पूर्व बंगालमध्ये दंगली झाल्या, एप्रिलमध्ये अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी नेहरू-लियाकत करार झाला, आणि ऑक्टोबरमध्ये मंडल यांनी राजीनामा देऊन भारताची वाट धरली. त्यांच्या सांगण्यावरून कुऱ्हाडीच्या चिन्हाला मत दिलेल्या दलित शेतकऱ्यांपुढे मात्र असा सुरक्षित मार्ग नव्हता. वादसभेत त्यांच्या भूमिकेचे भाषण जुलै १९४७ ला थांबले होते.

समितीने त्यानुसार नियमात भर घातली. यापुढे प्रत्येक वक्त्याने घटक सांगितल्यावर, त्या घटकात जे अल्पसंख्य उरतील त्यांच्यासाठी आपल्या योजनेत कोणती तरतूद आहे आणि ती मोडली तर दाद कोणाकडे मागायची, हेही सांगायचे आहे. पुढचा विषय पॅलेस्टाइनचा निवडला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष समितीत भारताने इराण आणि युगोस्लाव्हिया यांच्याबरोबर फाळणीऐवजी संघराज्याची योजना सुचवली होती आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झालेल्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले होते. स्वतःची फाळणी होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. भारताच्या प्रतिनिधीची भूमिका कोणी करायची यावर एकमत झाले नाही, म्हणून ती चिठ्ठीने ठरवायची असे ठरले. सरांनी चिठ्ठीला विरोध केला आहे आणि त्यांचा विरोध इतिवृत्तात नोंदवलेला आहे.